खडखड्याचा बॅकअप

छापखान्यात नऊ कॉम्प्युटर होते आणि ते सांभाळायला एक जावई होता.

जावई म्हणजे प्रूफं तपासणाऱ्या बाईंचा जावई. हा छापखाना अंध वाचकांसाठी पुस्तकं काढायचा. इथे शाईचा थेंब नव्हता. जाड कागदावर ठिपके उठायचे आणि ते बोटांनी वाचले जायचे. बाई स्वतः जन्मापासून अंध. एकतीस वर्षांत इथलं प्रत्येक पुस्तक त्यांच्या बोटांखालून गेलं होतं, आणि त्या ‘जाऊ द्या’ म्हणाल्याशिवाय एक पानही बाहेर पडत नसे. कॉम्प्युटर सांभाळणारा आधीचा माणूस दुसरी नोकरी धरून गेला, तेव्हा मॅनेजरनी बाईंच्या जावयाला घ्यायचं ठरवलं. पहिला विरोध बाईंनीच केला.

“माणूस चांगला आहे,” त्या म्हणाल्या. “पण बरणीचं झाकण नुसतं वर ठेवतो, फिरवत नाही. मी झाकणाला धरून बरणी उचलते आणि झाकण तेवढं हातात येतं.”

मॅनेजर म्हणाले, आपल्याकडे बरण्या नाहीत. जावयाची नेमणूक झाली.

पहिल्या दिवशी त्यानं सासूबाईंना ‘मॅडम’ म्हणून पाहिलं. ही कोण नवीन बाई आली, असं त्यांनी खोलीला विचारलं. मग तो घरच्यासारखं ‘आई’ म्हणायला लागला. त्याही त्याला घरच्यासारखंच ‘जावईबापू’ म्हणत. आठवडाभरात मॅनेजरसकट सगळा छापखाना त्याला ‘जावई’ म्हणू लागला, आणि त्याचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीपुरतं उरलं.

त्याच्याकडे जी कामं होती त्यातलं मुख्य काम बॅकअपचं. संध्याकाळी छापखाना बंद झाला की प्रत्येक कॉम्प्युटरवरचं दिवसभराचं काम नेटवर्कवरून जिन्याखालच्या खोलीतल्या एका मोठ्या मशीनवर जायचं आणि तिथे त्याची प्रत राहायची. उद्या एखादा कॉम्प्युटर बसला तर पुस्तक बसू नये, एवढाच त्यामागचा हेतू. हे जिन्याखालचं मशीन आता दमलं होतं. त्यातून दळण दळल्यासारखा आवाज यायचा. नवीन मशीन आलं, पण बॅकअपचं जुनं सॉफ्टवेअर नव्या मशीनवर चालेना. म्हणजे सॉफ्टवेअरही नवं घ्यायचं. आधीच्या माणसानं मधल्या दोन आवृत्त्या तशाच जाऊ दिल्या होत्या, त्यामुळे एकदम तीन पायऱ्यांची उडी मारायची होती.

नव्या आवृत्तीबरोबर बदलांची यादी आली होती. पूर्वी काय चालायचं आणि आता काय चालणार नाही, याची एकेचाळीस पानं. जावई दुपारी डबा खाता खाता ती वाचत होता. शेजारच्या टेबलावर सासूबाई प्रूफ वाचत होत्या. त्यांची बोटं थांबली.

“जावईबापू, काय वाचताय?”

त्यानं सांगितलं.

“माउसचं चाक ऐकतेय मी. इतक्या वेगानं कुणी वाचत नाही.”

त्यानं कबूल केलं की तो चाळतोय, महत्त्वाचं तेवढं टिपून घेतोय. आमच्या धंद्यात चाळणं म्हणजे न वाचणं, असं म्हणून त्यांनी पुन्हा आपल्या पानावर बोटं ठेवली. जावयानं चाक जरा हळू फिरवलं, पण ते आवाजापुरतंच.

त्यानं टिपलेलं असं होतं. पूर्वी सगळ्या कॉम्प्युटरांना मिळून एकच किल्ली होती, एकच पासवर्ड, तो सांगितला की मोठं मशीन कुणालाही आत घ्यायचं. आता प्रत्येकाला स्वतःची वेगळी किल्ली हवी. कॉम्प्युटरच्या नावात मोकळी जागा चालणार नाही. घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक चालणार नाही. आणि आधी मोठं मशीन नवं करायचं, मग बाकीचे एकेक. उलट केलं तर कुणीच कुणाशी बोलणार नाही.

नावांवरून सगळ्यात जास्त गोंधळ झाला. कॉम्प्युटरांना नावं लोकांनीच दिली होती आणि बहुतेक नावं दोन दोन शब्दांची होती. ‘खिडकी जवळचा’, ‘मोठी खोली’, ‘हात लावू नये’. दुसऱ्या प्रूफवाचक मुलीनं आपल्या कॉम्प्युटरचं नाव ‘माझा एकटीचा’ ठेवलं होतं. ती तिशीची होती, तीही अंध, आणि दिवसभर तिचं तोंड बंद नसायचं, म्हणून सगळे तिला रेडिओ म्हणायचे. तिचं सगळं शिक्षण याच छापखान्याच्या पुस्तकांवर झालं होतं, आणि शिकून झाल्यावर ती इथेच नोकरीला आली होती. मोकळी जागा काढली की ‘माझाएकटीचा’ होतं आणि बोलणारा कॉम्प्युटर ते एका दमात उच्चारतो, हे तिला इतकं आवडलं की तिनं ते दिवसभर सगळ्यांना ऐकवलं.

प्रत्यक्ष काम शनिवारी करायचं ठरलं, कारण शनिवारी छापखाना बंद. जावई सकाळी नऊला आला. मॅनेजर दार उघडायला आले. सासूबाईंना कुणी बोलावलं नव्हतं, त्याही डबा घेऊन आल्या आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसल्या. तिथून जिन्याखालच्या खोलीतलं सगळं ऐकू येत होतं.

मोठं मशीन दहा वाजेपर्यंत नवं झालं. मग एकेका कॉम्प्युटरपाशी जाऊन नवी आवृत्ती घालायची, त्याची किल्ली बनवायची, मोठ्या मशीनशी ओळख करून द्यायची, की पडद्यावर त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका उमटायचा. सहा कॉम्प्युटर सुरळीत पार पडले. सातवा मॅनेजरांचा. त्याला मोठं मशीन काही केल्या आत घेईना. जावयानं किल्ली तीनदा बनवली. शेवटी त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या घड्याळाकडे गेलं. ते वीस मिनिटं पुढे होतं. मॅनेजर जरा ओशाळले. संध्याकाळी वेळेवर घरी निघता यावं म्हणून ते त्यांनीच पुढे केलं होतं, कित्येक वर्षांपूर्वी. सासूबाई पायरीवरून म्हणाल्या की तरीच हे रोज वीस मिनिटं आधी पसार होतात. घड्याळ लावलं आणि सातवा हिरवा झाला. आठवाही झाला.

नववा खडखड्याचा.

खडखड्या म्हणजे छापखान्यातलं सगळ्यात जुनं ठिपके उठवणारं यंत्र. वय सव्वीस वर्षं. आवाज असा की ते चालू असताना मागच्या खोलीत कुणी फोन घेत नसे. नंतर दोन नवी यंत्रं आली होती, पण जाड कागदावर खडखड्यासारखा टणक ठिपका त्यांना जमत नव्हता, आणि लहान मुलांच्या पुस्तकांना तसाच ठिपका लागतो. पुन्हा पुन्हा हात फिरवला तरी तो बसत नाही. अडचण अशी की खडखड्याची वायर एकाच कॉम्प्युटरला बसायची आणि तो कॉम्प्युटरही त्याच्याच वयाच्या आसपासचा. एकूण सहाशे चाळीस पुस्तकं त्याच्यावर होती. नव्या आवृत्तीनं त्याच्याकडे पाहून सरळ नकार दिला. इतक्या जुन्याशी आपलं जमणार नाही.

पण असे जुने लोक जगात आणखी असणार, हे सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी धरलेलं होतं. त्यांनी एक छोटा दुभाषा सोबत दिला होता. तो शेजारच्या कॉम्प्युटरवर बसवायचा, तो जुन्या कॉम्प्युटरकडे जाऊन त्याच्या फाइली आणायचा आणि मोठ्या मशीनच्या हवाली करायचा. जावयानं तो बसवला. दुभाषा कामाला लागला आणि चार वाजता पडद्यावर एकाखाली एक नऊ हिरवे ठिपके होते.

बायकोचा फोन आला. ती औषधांच्या दुकानात कामाला होती आणि गिऱ्हाईक नसताना बोलत होती. “ऐक, आईला लगेच ‘झालं’ म्हणू नकोस,” ती म्हणाली. पण त्यानं ते पाच मिनिटांपूर्वीच म्हटलं होतं, आणि वर “एकदम चोख” असंही.

सोमवारी भूगोलाचं तीन खंडांचं पुस्तक खडखड्यावर घ्यायचं होतं. ते घ्यायला जुन्या कॉम्प्युटरवर जागाच नव्हती. मॅनेजर म्हणाले, आता सगळं मोठ्या मशीनवर आहे, मग इथली जुनी चारशे पुस्तकं काढून टाकू. लागली तर परत आणता येतील. जावयाला ते पटलं. त्यानं खुर्ची ओढली, चारशे पुस्तकं निवडली आणि डिलीटचं बटण दाबणार, एवढ्यात मागून काठीचा आवाज आला.

सासूबाईंनी विचारलं की काय चाललंय. त्यानं सांगितलं.

“आधी एक पुस्तक परत आणून दाखवा.”

जावयाला ते जरा लागलं. त्यानं समजावलं की सहाशे चाळीस फाइली गेल्या आणि सहाशे चाळीस पोचल्या, आकडा जुळतोय, एकही चूक नोंदलेली नाही, सगळं हिरवं आहे.

“हिरवं मला काय कळणार?” सासूबाई म्हणाल्या. “मला कागद द्या.”

घरी असता तर त्यानं वाद घातला असता. इथे मॅनेजर उभे होते. त्यानं गोष्टींचं एक पुस्तक मोठ्या मशीनवरून मागवलं. दोन मिनिटांत ते आलं. पडद्यावर उघडून पाहिलं, सगळं जिथल्या तिथे. मग पहिलं पान खडखड्याकडे पाठवलं आणि यंत्र सुरू झालं.

आवाजावरूनच सासूबाईंनी मान तिरकी केली. खडखड्याची नेहमीची एक लय होती. ओळ ठोकायची, सर्रकन डावीकडे यायचं, पुढची ओळ ठोकायची. आज ते सर्रकन येणं ऐकूच येत नव्हतं. पहिली ओळ डावीकडून सुरू झाली. दुसरी पहिली जिथे संपली तिथून, पण खाली. तिसरी आणखी उजवीकडे, आणखी खाली. मग कागदाची कड आली, आणि तिथे यंत्र उरलेलं सगळं पान एकाच जागी ठोकत बसलं. शेवटी कागदाला भोक पडलं. जावयानं स्विच बंद केला.

सासूबाईंनी कागद हातात घेतला आणि वरून खाली बोट नेलं. “हा जिना आहे,” त्या म्हणाल्या. रेडिओनं तो त्यांच्याकडून घेतला, भोकापर्यंत वाचला आणि जाहीर केलं की गोष्ट चांगली आहे, पण शेवटाला ती भिंतीतून पलीकडे गेली.

पडद्यावर अजून ती चारशे पुस्तकं निवडलेली तशीच होती.

“डिलीट केलंत?” सासूबाईंनी विचारलं.

“नाही.”

“मग बसा.”

त्यानं मोठ्या मशीनवरून आणखी दोन पुस्तकं मागवली. दोन्ही तशीच. बाकीच्या आठ कॉम्प्युटरांवरची पुस्तकं मात्र नीट येत होती. म्हणजे घोळ दुभाष्याकडे होता. पण दुभाषा काय करत होता ते कळेना. दुपार झाली तशी सासूबाई आपली खुर्ची त्याच्या टेबलापाशी घेऊन आल्या आणि म्हणाल्या की ती एकेचाळीस पानांची यादी काढा आणि मोठ्यानं वाचा. पहिल्यापासून.

त्यानं वाचली. मधे कुठे एखादा परिच्छेद ओलांडायला गेला तर त्यांना वाक्याच्या तुटण्यावरून कळायचं आणि त्या परत मागे न्यायच्या. त्या यादीत त्यांना छपाईच्या तीन चुका सापडल्या, त्याही त्यांनी लिहून घ्यायला लावल्या. रेडिओ चहा करून घेऊन आली आणि ऐकायला थांबली, आणि पंधराव्या पानाला कंटाळून निघून गेली. तेहतिसाव्या पानावर जावई थांबला.

तिथे दुभाष्याबद्दल चार ओळी होत्या. दुभाषा एखादी फाइल ‘मजकूर’ आहे असं पाहिलं, की तिच्या ओळींचे शेवट नव्या पद्धतीचे करून घेतो. असं आपोआप होतं, नको असेल तर बंद करावं.

त्यानं सासूबाईंना उलगडून सांगितलं. जुन्या फाइलींत प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन खुणा असतात. एक सांगते ‘खाली जा’ आणि दुसरी सांगते ‘डावीकडे परत ये’. नव्या कॉम्प्युटरांना एकच खूण पुरते, खाली म्हटलं की ते परत येतातच. दुभाष्याला दुसरी खूण फालतू वाटली, त्यानं ती प्रत्येक ओळीतून काढून टाकली. पडद्याला फरक पडला नाही. खडखड्या मात्र सांगितल्याखेरीज डावीकडे येत नाही.

“सहाशे चाळीस पुस्तकांत हे केलं?”

“हो.”

“कुणी न सांगता प्रूफ सुधारणारे फार वाईट,” सासूबाई म्हणाल्या. त्या आता मजेत होत्या. चूक सापडली की त्यांचा मूड नेहमीच सुधारायचा.

जावयानं ती सोय बंद केली. दुभाष्याला आता सांगितलेलं होतं की काहीही उघडायचं नाही, काही समजून घ्यायचं नाही, जसंच्या तसं उचलायचं आणि द्यायचं. मोठ्या मशीनवरच्या बिघडलेल्या प्रती त्यानं काढल्या आणि मंगळवारी सकाळपासून सगळी पुस्तकं पुन्हा नेली. तीन वाजता हिरवा ठिपका आला. या वेळी तो ‘झालं’ म्हणाला नाही. मागच्या खोलीत जाऊन त्यानं विचारलं, “आई, आता कसं तपासायचं?”

सासूबाईंच्या मते प्रत्येक पुस्तकाचं एक पान काढायला हवं होतं. मॅनेजरनी कागदाचा विचार करून डोकं धरलं. शेवटी दहात एक ठरलं. चौसष्ट पुस्तकं, कोणतं पान ते वाचणाऱ्यानं सांगायचं. कपाटात प्रत्येक पुस्तकाची एक जुनी प्रत होती. मोठ्या मशीनवरून परत आलेलं पान आणि कपाटातलं पान शेजारी ठेवायचं आणि ठिपक्याला ठिपका लावून पाहायचा.

हे पाहण्यासाठी बाकीचे लोकही आपापलं काम सोडून येऊन जात होते. सासूबाई डावा हात जुन्या पानावर ठेवायच्या, उजवा नव्यावर, आणि दोन्ही हात एकाच वेगानं ओळींवरून सरकायचे. एखादी खूण वेगळी असती तर एक हात अडखळला असता. हात अडखळत नव्हते. रेडिओला दोन हातांनी जमत नव्हतं. ती एक पान वाचायची, मग दुसरं, आणि दोन्हींवर टीका करायची. जावई पुस्तक आणायचा, पान काढायचा, यादीवर खूण करायचा. बुधवारी दुपारपर्यंत एकेचाळीस पुस्तकं झाली आणि एकातही फरक निघाला नाही. खडखड्याची लय परत आली होती.

बेचाळिसावं पुस्तक पाढ्यांचं होतं. गणिताची पाठ्यपुस्तकं बदलतात, पाढे काही बदलत नाहीत. त्यामुळे हे पुस्तक चोवीस वर्षं त्याच फाइलीवरून निघत होतं, दरवर्षी, सव्वीस शाळांसाठी. सासूबाईंनी सहज म्हणून एकोणिसावं पान मागितलं. दोन्ही हात सुरू झाले. पानाच्या मधोमध ते थांबले, मागे गेले, पुन्हा पुढे आले आणि पुन्हा थांबले.

जावई पुढे वाकला. “फरक आहे?”

“नाही,” सासूबाई म्हणाल्या. “दोन्हीकडे एकच आहे.” मग त्यांनी रेडिओला हाक मारली आणि जुनं पान तिच्यापुढे सरकवलं. “सातचा पाढा. आठवी ओळ वाच.”

रेडिओनं बोट फिरवलं. “सात आठे चोपन्न,” ती म्हणाली. “बरोबर आहे की.”

मॅनेजर दारात उभे होते. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि हळूच विचारलं, छप्पन्न ना?

“चोपन्न,” रेडिओ ठामपणे म्हणाली. आणि मग तिचाच आवाज खाली आला. “नाही का?”

मग तिनं सगळं सांगितलं. दुसरीत तिच्याकडे हेच पुस्तक होतं. तिसरीत एकदा वर्गातल्या बाई छप्पन्न म्हणाल्या तेव्हा ती उठून उभी राहिली आणि पुस्तकात चोपन्न आहे म्हणून भांडली. बाईंनी पुस्तकावर बोट फिरवलं आणि त्या गप्प बसल्या. त्या वर्षी आख्ख्या वर्गानं चोपन्न म्हटलं. पुढे मोठेपणी तिनं बोलणारा कॅल्क्युलेटर घेतला, तो एकदा छप्पन्न म्हणाला, तर तिनं तो दुकानात नेऊन बदलून घेतला.

“दुसरा काय म्हणाला?” जावयानं विचारलं.

“त्याला मी विचारलंच नाही.”

आधी मॅनेजरना हसू फुटलं, मग जावयाला, मग खुद्द रेडिओला, आणि ती इतकी हसली की तिला टेबल धरावं लागलं. माझा दोष नव्हताच, हे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. एवढी वर्षं सगळ्यांना वाटायचं की हिचं गणित कच्चं.

सासूबाई हसल्या नाहीत. त्या उठून खिडकीपाशी गेल्या आणि तिथल्या स्टुलावर बसल्या. थोड्या वेळानं जावई जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिला. सोमवारपासून तो त्यांची एखादी चूक पकडायच्या संधीची वाट पाहत होता, आणि ती ही नव्हे, एवढं त्याला कळत होतं.

त्याच म्हणाल्या, “चार आणि सहा आमच्याकडे एकमेकांची आरशातली रूपं आहेत. मधला ठिपका डावीकडे असला की सहा, उजवीकडे असला की चार. एका ठिपक्याचा खेळ.” मग म्हणाल्या, “त्या वर्षी तुमची बायको पाढे शिकत होती. सकाळी घरी तिच्याकडून छप्पन्न म्हणून घ्यायचे आणि इथे येऊन हे सोडलं मी.”

जावई म्हणाला, फाइल दुरुस्त करायला एक मिनिट लागेल. पुढच्या वर्षीपासून बरोबर निघेल, कुणाला कळणारही नाही.

“आणि तुमच्या त्या मोठ्या मशीनवर? तिथे चुकीचं पान राहील ना?”

“राहील. आता प्रत्येक बदलाच्या आधीची प्रत तारखेसकट राहते. जुनं, नवं, दोन्ही.”

सासूबाईंनी यावर विचार केला. “राहू द्या,” त्या म्हणाल्या. “आणि लिहायला बसा. मी पत्र सांगते.”

पत्र सव्वीस शाळांना होतं. पाढ्यांचं पुस्तक, पान एकोणीस, ओळ आठवी, चोपन्नच्या जागी छप्पन्न वाचावं, चूक माझ्या हातून चोवीस वर्षांपूर्वी झाली, सोबत दुरुस्त पान जोडलं आहे, जुन्या पानावर चिकटवावं. मॅनेजरनी सुचवलं की ‘छापखान्याच्या हातून’ असं लिहू. सासूबाईंनी ते नाकारलं. छापखान्याला हात नसतात, त्या म्हणाल्या. दुरुस्त पानाची पहिली प्रत रेडिओनं मागून घेतली. त्यावर बोट फिरवत ती घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, पटतं, पण चोपन्न कानाला जास्त बरं लागतं.

उरलेली बावीस पुस्तकं गुरुवारी तपासून झाली. चौसष्टपैकी चौसष्ट जुळली. जावई जुन्या कॉम्प्युटरपुढे बसला, चारशे पुस्तकं पुन्हा निवडली आणि खुर्ची फिरवून म्हणाला, “आई, करू?”

“करा,” सासूबाई म्हणाल्या.

जागा मोकळी झाली. दुपारी भूगोलाचा पहिला खंड खडखड्यावर चढला आणि मागच्या खोलीत पुन्हा कुणाला फोन घेता येईना.

पत्राला उत्तरं पंधरा दिवसांत येऊ लागली. बहुतेक शाळांनी आभार मानले होते. दोन शाळांनी कळवलं की हे कधी लक्षातच आलं नव्हतं. एका लहान शाळेतून मात्र ठिपक्यांत लिहिलेलं लांब पत्र आलं. एका शिक्षिकेनं लिहिलं होतं की आम्हाला ही चूक एकोणीस वर्षांपासून ठाऊक आहे. दरवर्षी नव्या प्रती आल्या की मी प्रत्येकीतला तो ठिपका नखानं दाबून बसवते आणि शेजारी टोचणीनं नवा उठवते. बावीस प्रती असतात, एका दुपारचं काम आहे. आम्हाला वाटलं की फक्त आमच्याकडे येणाऱ्या प्रतींतच असं होतं, म्हणून तुम्हाला उगाच त्रास दिला नाही.

सासूबाईंनी ते पत्र दोनदा वाचलं. मग जावयाला बोलावलं, मॅनेजरना बोलावलं आणि तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचून दाखवलं. संध्याकाळी घरी लेकीलाही ऐकवलं. तोवर त्या आधी रागावून, मग हसून, आणि मग पुन्हा रागावून झाल्या होत्या. एकोणीस वर्षं ही बाई दरवर्षी नख झिजवते आणि एक ओळ लिहून कळवत नाही, याला काय म्हणावं, असं त्या विचारत होत्या. लेक म्हणाली, तिला सरळ नोकरीवर ठेव.

ते जमण्यासारखं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मॅनेजरना गाठलं आणि सांगितलं की यापुढे मुलांच्या प्रत्येक पुस्तकाचं एक प्रूफ त्या शाळेत जाईल, आणि त्या शिक्षिकेचं ‘जाऊ द्या’ आल्याशिवाय आपण पुस्तक काढायचं नाही. मॅनेजरनी होकार दिला. जावयानं शाळेचा पत्ता यादीत घातला, शिक्षिकेचं नाव दोनदा तपासलं, आणि भूगोलाच्या पहिल्या खंडाच्या प्रूफाचं पार्सल बांधायला दोरी शोधू लागला.